मिस्त्रीच्या हाताखाली की आयटीआयमध्ये?

चंदगडहून म्हापशाला बांधकामावर आलेल्या एका तरुणाने विचारले की, इलेक्ट्रिशियनांची चणचण असताना मिस्त्रीच्या हाताखाली शिकावे की आयटीआय करावे. मिस्त्रीकडे पहिल्या दिवसापासून रोजंदारी मिळते, आणि खोलीचे भाडे व गावी पाठवायचे पैसे कोणासाठी थांबत नसल्याने ही बाजू फार जड आहे. मात्र भिंत फोडून पाईप बसवण्यातच उमेदीची वर्षे जातात आणि मुख्य पॅनेलला, म्हणजे इमारतीत वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डाला, हात लावू दिला जात नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. आयटीआयसाठी दहावी आणि 2 वर्षे लागतात, पण त्यानंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र राज्य बदलले तरी चालते. घरी पैशांची निकड असेल त्याने मिस्त्रीच धरावा, मात्र पॅनेल शिकवणारा. घरचा आधार असेल त्याने आयटीआय करावे.