नवी, बोपदेव घाट आणि माळ्यावरचा सायलेन्सर: अकरा महिन्यांचा अनुभव

होंडाची 'नवी' (Navi) नावाची दुचाकी मी जुनी घेतली, 2017 चं मॉडेल, एका हातची. गाडी दिसायला मोटरसायकलचं पिल्लू, आत मात्र ॲक्टिव्हाचं 110 चं इंजिन, बेल्टवर चालणारं. गिअर नाही, हाताने दाबायचा क्लच नाही. 2016 मध्ये आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम 39,500 रुपये होती. बीएस-सिक्सचे प्रदूषणाचे नियम आले आणि आपल्याकडे बंद झाली. गंमत म्हणजे त्यानंतर हीच गाडी अमेरिकेत 2022 च्या मॉडेलपासून 1,807 डॉलरला विकायला लागले, आणि तिकडचे लोक तिच्यात काय काय घालतात याचे व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात किडा शिरला.

माझी अडचण खरी होती, नुसती हौस नव्हती. आम्ही सासवडला राहतो आणि दोघांचीही नोकरी पुण्यात, कोंढव्यात. सकाळी बोपदेव घाट उतरायचा, संध्याकाळी डबलसीट चढायचा. आठ अश्वशक्तीलाही जेमतेम पोचणारं इंजिन, माझे 74 किलो, हिची पर्स, भाजी, डबे. पहिल्याच आठवड्यात शेवटच्या तीव्र वळणावर काटा 22 वर आला आणि मागून आवाज आला, "अहो, उतरू का मी?"

त्या एका वाक्यापायी पुढे सगळा खर्च झाला. आणि अर्थातच मी सुरुवात उलट्या टोकाने केली.

आधी सायलेन्सर. नाना पेठेत 3,200 रुपयांना घेतला, बसवणावळ वेगळी. दुकानदाराने सोबत उघडा स्पंजचा फिल्टरही गळ्यात मारला. आवाज असा, की गल्लीतल्या कुत्र्यांनी माझी नोंद घेतली. पिकअप? आवाजामुळे गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच. घाटात काटा परत 22. शिवाय उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फटाके. तीन आठवड्यांनी प्लग काढला तर टोक खडूसारखं पांढरं. या गाडीचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालतो. हवेची वाट आणि धुराची वाट दोन्ही मोकळ्या केल्या की पेट्रोलचं गणित बिघडतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. मोठा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, टाकून बघितला. मग खालच्या वेगाला गाडी गुदमरायला लागली. शेवटी मूळ सायलेन्सर, मूळ फिल्टरबॉक्स, मूळ जेट, सगळं जिथल्या तिथे. असे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, ती भीती वेगळीच.

मग ओळखीच्या मेकॅनिकने एक प्रश्न विचारला, जो मी आधी स्वतःला विचारायला हवा होता: "बेल्ट कधी बदललाय?" मला माहीत नव्हतं. डावीकडचं कव्हर उघडलं. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत, आणि व्हेरिएटरमधले, म्हणजे वेगाप्रमाणे आपोआप गिअरचं काम करणाऱ्या पुढच्या पुलीतले, सहाही रोलर एका बाजूने झिजून चपटे. अडकित्त्याने कडेचा काप काढलेल्या सुपारीसारखे. रोलर गोल असेल तर वेग वाढताना बाहेर सरकत पुली दाबतो. चपटा झाला की अडखळतो, मग गाडी कधी घुटमळते, कधी एकदम झटका देते. कंपनीचा बेल्ट, मूळ वजनाचे सहा रोलर आणि नवा प्लग, मजुरीसकट चौदाशेच्या आत. त्या संध्याकाळी त्याच वळणावर काटा 28. म्हणजे सायलेन्सरच्या निम्म्याहून कमी पैशात गाडी फक्त पूर्वीसारखी झाली होती, आणि मी तिला सुधारायला निघालो होतो!

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण आता रोलरचं तंत्र कळलं होतं. रोलर हलके केले की इंजिन जास्त फिरल्याशिवाय व्हेरिएटर वरच्या गिअरसारखी जागा घेत नाही. चढावर इंजिन जोरात राहतं, म्हणून ओढ वाढते. कमाल वेग वाढत नाही, ॲव्हरेज कमी होतं. मी हावरटासारखे प्रत्येकी तीन ग्रॅम हलके रोलर आणले आणि रविवारी स्वतःच बसवले.

तिथे केलेली चूक सविस्तर सांगतो, कारण ती कोणीही करेल. पुढच्या पुलीचा नट आवळण्याआधी मागच्या पुलीत बेल्ट हाताने दाबून खोल बसवायचा असतो, म्हणजे पुढे तो ढिला राहतो. मी दाबला नाही. बेल्ट पुलीच्या दोन ताटल्यांमध्ये चिमटला, बाहेरची ताटली दांडीच्या खाचांवर पूर्ण बसली नाही, आणि मी आपला पाना ओढून खूश. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि खडखडाट. ढकलत परत आणली. नशिबाने ताटलीच्या खाचा वाचल्या. आता नट आवळण्याआधी बेल्ट बोटाने हलवून बघतो. हलला नाही तर पाना खाली ठेवतो.

तीन ग्रॅम फार झाले. घाटात काटा 35, मजा. पण सपाट रस्त्यावर 50 ला इंजिन किंचाळायचं, आणि 46 चं ॲव्हरेज 37 वर आलं. टाकी चार लिटरचीही नाही, त्यामुळे पंपावाला नावाने ओळखायला लागला. महिनाभराने तीन मूळ आणि तीन हलके असे एकाआड एक बसवले. काटा 33, ॲव्हरेज 42, 50 ला सुसह्य आवाज. गेले पाच महिने हाच मेळ आहे आणि तो बदलायची इच्छा नाही. एक अनपेक्षित फायदा असा, की उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन आधीपेक्षा जरा जास्त धरून ठेवतं.

मागच्या आपोआप लागणाऱ्या क्लचला कडक स्प्रिंगही टाकल्या होत्या, चार दिवसांत काढल्या. सिग्नलवरून सुटताना झेप छान, पण कोंढव्याच्या रांगेत फूटफूट सरकताना क्लच बेल (क्लचभोवतीची वाटी) तापून जळका वास यायचा.

बोअर किट, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन, घालून सीसी वाढवायचा सल्लाही मिळाला. त्यात पडलो नाही. आरसीवर 109 सीसी आणि आत भलतंच इंजिन, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण.

ज्यावर सगळ्यात आधी खर्च करायला हवा होता ते मी शेवटी केलं: ब्रेक लायनर आणि मागचा टायर. दोन्ही चाकांना ड्रम, मागचं चाक दहा इंची, आणि सकाळी डबलसीट उतार. लायनर नवे, ड्रम आतून साफ, केबलला तेल, टायर मूळ मापाचाच. एकाने रुंद टायर सुचवला होता. जड चाक फिरवायला ही आठ अश्वशक्ती कुठून आणायची? सगळे मिळून अडीच हजारांत झालं. आता वळणाआधी ब्रेक दोन बोटांनी लागतो.

सहा हजार किलोमीटरवर परत कव्हर उघडून रोलर बघणार आहे. सायलेन्सर माळ्यावर पिशवीत गुंडाळून ठेवलाय. हिने परवा विचारलं, "तो नळ कशाचा आहे?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.