एनडी झाल्यावर रेसिडेन्सी की थेट प्रॅक्टिस?

अमेरिकेत नॅचरोपॅथिक डॉक्टर (निसर्गोपचारवाले) म्हणजे एनडी, चार वर्षांचा कोर्स करून एनप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास झाली की एनडींना लायसन्स देणाऱ्या बऱ्याच राज्यांत लगेच काम सुरू करता येतं, तिथल्या एमडीसारखी (म्हणजे नेहमीच्या ॲलोपॅथी डॉक्टरांसारखी) रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतर सीनियरच्या हाताखाली पगारी ट्रेनिंग, सगळीकडे कंपल्सरी नाही. यूटामध्ये मात्र एक वर्षाची लागतेच, त्यामुळे तिकडे जायचं असेल तर प्रश्नच मिटला.

थेट क्लिनिक टाकलं की कमाई स्वतःची, डोक्यावर एज्युकेशन लोन असेल तर हा ओढा समजतो हो. पण पहिल्याच महिन्यात छातीत दुखतंय म्हणून कुणी समोर आलं तर शेजारी विचारायला सीनियर नसतो, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

रेसिडेन्सीत पगार कमी, जागा पास होणाऱ्यांपेक्षा खूपच कमी, कारण एमडीच्या रेसिडेन्सीला मेडिकेअरचा सरकारी पैसा येतो तसा इथे येत नाही, खर्च कॉलेज किंवा क्लिनिकच उचलतं. पण वर्षभर रोज पेशंट बघायचे, केस सीनियरपुढे मांडायची, चूक झाली तर तिथेच कळते, औषधं एकमेकांशी भांडतात का ते बघायची सवय लागते. कॅन्सर पेशंटसोबत काम करायचंय त्यांनी तर रेसिडेन्सीशिवाय विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, केमो चालू असताना कुठलं सप्लिमेंट द्यायचं नाही हे पुस्तक वाचून नीट येत नाही.

आपल्याकडे बीएनवायएसला (नॅचरोपॅथी आणि योगाची डिग्री) साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप डिग्रीतच असते, तिकडे डिग्रीनंतरचं हे वर्ष स्वतः धडपडून मिळवायचं. जागा मिळत असेल तर घ्याच.