क्यूजीआयएसमधला पायथन : काही महिने रोज वापरल्यावर

राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्यूरोचं मुख्यालय दोन्ही नागपुरात, त्यामुळे इथे क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर जाणणाऱ्यांची वाण नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे लिहितोय. आमचं काम काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्राबागांचं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या प्रतिमा आणि त्यावर आमच्या स्क्रिप्ट, सगळं विंडोजवर.

पहिली गोष्ट, हा पायथन वेगळा आहे. संगणकावर आधीपासून असलेल्या पायथनशी त्याचा संबंध नाही. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून पिप (पायथनची जास्तीची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलं तर पॅकेज भलतीकडेच जातं. स्टार्ट मेनूतलं ओएसजीओफोरडब्ल्यू शेल, म्हणजे क्यूजीआयएससोबत येणारी कमांडची खिडकी, उघडूनच चालवा. ऑफिसात ॲडमिनचे हक्क नसतील तर पिप पॅकेज तुमच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये टाकतं. ते फोल्डर पायथनच्या आवृत्तीनुसार ठरतं, म्हणजे क्यूजीआयएसचा पायथन ३.१२ आणि संगणकावरचा दुसराही ३.१२ असेल तर दोघांचं सामान एकाच कपाटात. गोंधळाची खरी मुळं बहुतेकदा इथेच सापडतात. शंका आली की क्यूजीआयएसच्या पायथन कन्सोलमध्ये नमपाय (आकड्यांच्या ॲरेवर काम करणारं पॅकेज) इम्पोर्ट करून त्याचा फाइल पाथ बघा, कुठलं उचललं ते लगेच कळतं.

नमपायला हात लावू नका, हे मी पोटतिडकीने सांगतो. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १ च्या मालिकेवर कंपाइल केलेली मॉड्यूल त्यावर चालेनाशी झाली. एखादं पॅकेज टाकताना पिप सोबत नवं नमपाय ओढून आणतं, आणि आतलं जीडॅल (नकाशे-प्रतिमांच्या फाइली वाचणारी लायब्ररी) १ च्या मालिकेवरचं असेल तर त्याचं ॲरेचं काम बंद पडतं.

रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या प्रतिमा, हाताळणाऱ्या रास्टरिओ पॅकेजचंही तसंच. पिपने आणलेलं रास्टरिओ स्वतःचं जीडॅल आणि प्रोज (नकाशाच्या निर्देशांक पद्धती सांभाळणारी लायब्ररी) घेऊन येतं. क्यूजीआयएसचा प्रोज डेटाबेस वेगळ्या आवृत्तीचा निघाला की ईपीएसजी ३२६४४ (यूटीएम ४४ उत्तर) सारखा आपला रोजचा झोनसुद्धा ओळखला जात नाही. आतमध्ये जीडॅल आहेच, तेच वापरा. रास्टर वाचणं, कापणं, लिहिणं सगळं त्यात होतं.

आमची आता बसलेली पद्धत अशी: जास्तीची छोटी पॅकेजं पिपच्या टार्गेट पर्यायाने, डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजं) न घेता, वेगळ्या फोल्डरमध्ये. ते फोल्डर स्टार्टअप स्क्रिप्टमधून पायथनच्या पाथच्या शेवटी जोडायचं. सुरुवातीला जोडलं तर क्यूजीआयएसची स्वतःची पॅकेजं मागे पडतात. प्रतिमांच्या वर्गीकरणाचं जड काम क्यूजीआयएसच्या बाहेर, कोंडा या पॅकेज व्यवस्थापकाच्या स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये होतं आणि निकाल जिओपॅकेज फाइलने आत येतो. ज्यांना शेल नको वाटतं त्यांच्यासाठी क्यूपिप हे प्लगिन चांगलं आहे. इतर प्लगिनच्या गरजांची यादी वाचून ते पॅकेजं क्यूजीआयएसच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये बसवतं.

स्वतंत्र इन्स्टॉलरने टाकलेली क्यूजीआयएसची प्रत्येक आवृत्ती स्वतःच्या फोल्डरमध्ये, स्वतःचा पायथन घेऊन बसते. जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये टाकलेली पॅकेजं तिच्यात आपोआप येत नाहीत, यादी जपून ठेवा. नवी दीर्घ मुदतीची आवृत्ती आम्ही आंबिया बहाराचं (संत्र्याच्या एका हंगामाचं) काम आटोपल्यावरच टाकतो, जुनी न काढता. एकाच प्रतिमेवर दोन्हींतून एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) सारखा आला की मगच जुनी काढतो.