वाय-फायच्या नावात '५जी' दिसलं आणि आम्ही फसलो

आधीच सांगतो, पैसे लई मोठे गेले नाहीत, ६,८०० गेले, पण पैशाच्या मागनं दुसरंच लफडं निघालं, त्यासाठी हे लिहायला बसलोय.

आमचं घर बेळगाव-वेंगुर्ला रोडला, उचगाव फाट्यापासनं आत. केबलवाला म्हणतोय फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलीय, अजून चार घरं मिळाली की आत ओढतो, ती चार घरं त्याला दोन वर्षं मिळंनात. पोरगी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, क्लास सगळे ऑनलाइन, हॉटस्पॉट घेऊन गच्चीवर बसायची आणि पाऊस लागला की तेही बंद, आमच्याकडचा पाऊस काय सांगायला नको. त्यात गाव सीमेला लागून, बाचीच्या पुढं शिनोळी म्हणजे महाराष्ट्रच, फोन कधी इकडचा टॉवर धरतोय कधी तिकडचा.

रस्त्याकडेला छत्री लावून एक पोरगा सिम विकत बसलेला, गळ्यात कंपनीचं कार्ड, मराठी चांगलं, मधनं मधनं कन्नड. म्हणाला काका, घरासाठी ५जी आलंय, वायर नाही काय नाही, डबा लावला की चालू, वर्षभर अनलिमिटेड, डब्यासकट ६,८००. दुसऱ्या दिवशी घरी आला, प्लग लावला आणि माझ्या फोनवर वाय-फायची यादी उघडून दाखवली, दोन नावं होती, एक साधं आणि एकाच्या शेवटी '५जी'. बघा काका, आलं की नाही? मी म्हटलं आलं की.

इथंच मेख आहे. त्या नावातला ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, डब्यापासनं तुमच्या फोनपर्यंत जी वाय-फायची लहर येते तिची ती फ्रिक्वेन्सी. टॉवरच्या ५जीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. दुसरं नाव असतं ते २.४ गिगाहर्ट्झचं, ते भिंतीपलीकडं जास्त लांब जातं पण जरा हळू. असली दोन नावं फायबरच्या राउटरवरही दिसतात आणि ४जीच्या डब्यावरही. आमचा डबा ४जीचाच निघाला, सिम घालायचा साधा राउटर, आणि आत सिम कुठलं तर फोनमध्ये घालतो तसलं प्रीपेड, ८४ दिवसांचा पॅक, रोज दीड जीबी. दीड जीबी संपलं की स्पीड ६४ केबीपीएस, त्यात व्हॉट्सअपचा फोटो पण उघडत नाही. सकाळी दहालाच क्लास अडकायला लागला, मी आपला आठ दिवस टॉवरला शिव्या देत बसलो!

खरं ५जीचं घरगुती कनेक्शन कसं असतं ते भाच्यानं नंतर सांगितलं, तो पुण्यात याच कामात आहे. गच्चीवर नाहीतर भिंतीला बाहेरून टॉवरच्या दिशेनं एक डबा बसतो, तिथनं वायर आत येते, आत राउटर. बसवायला कंपनीचा माणूस येतो, पैसे कंपनीच्या ॲपमध्ये भरायचे, पावती आपल्या नावावर. आम्ही अर्धे रोख दिले, अर्धे यूपीआयनं, आणि समोर नाव आलं कुणातरी बाईचं. तेव्हाच डोकं चालायला पाहिजे होतं, पण चहा चाललेला, पोरगी खूश, कोण बघतोय.

आता दुसरं लफडं. सिम बायकोच्या नावावर घेतलं, कारण तो म्हणाला काका तुमच्या नावावर आधीच जास्त सिम असतील. अंगठ्याचं मशीन पुढं केलं, एकदा अंगठा घेतला, म्हणाला काकू बसंना, शेतात काम करून रेघा झिजल्यात, हात पुसून परत ठेवा. बायको बिचारी पदराला हात पुसून परत ठेवते, वर लाजते की आपल्याच बोटाचा दोष. फॉर्म कन्नडमध्ये, सही कुठं करायची तेवढं त्यानं दाखवलं.

भाच्यानं हे ऐकलं आणि पहिल्यांदा संचार साथी उघडायला लावलं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणारी सरकारी साइट. बायकोचा नंबर टाकला, ओटीपी आला, तिच्या नावावर चार नंबर दाखवले, आम्हाला माहीत तीनच. मग आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री काढली, म्हणजे आधार कधी कुठं वापरलं त्याची यादी, मागच्या सहा महिन्यांची मिळते, त्यात त्याच दिवशी सात मिनिटांच्या अंतरानं दोन वेळा केवायसी, दोन्ही यशस्वी. म्हणजे अंगठा पहिल्यांदाच बसला होता, दुसऱ्यांदा ठेवला तो दुसऱ्या सिमसाठी. ते चौथं सिम कुणाच्या फोनमध्ये फिरतंय देव जाणे, आणि उद्या त्यावरनं कुणाला गंडा घातला तर पोलीस नाव बघणार आमच्या बायकोचं.

त्याच बसणीला 'माझा नंबर नाही' म्हणून टाकलं, बेळगावात सीईएन म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात लेखी दिलं, हिस्ट्रीची प्रिंट जोडली. घरात सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, फुकट आहे, लागेल तेव्हा उघडता येतं. पोरगा परत दिसला नाही, यूपीआयचा नंबर बंद. पैसे काय येत नाहीत आता.

अंगठा परत ठेवा म्हटलं तर हात मागं घ्या, आधी त्याच्या मशीनवर काय आलंय ते स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर पोरांना बोलवा. आणि डबा घ्यायच्या आधी घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर रात्री आठ-नऊला स्पीड बघा, तेव्हा अख्खं गाव फोनवर असतं. दुपारी तीनला चांगलं चालतंय त्याला काय अर्थ नाही.

डबा मात्र टाकला नाही. माडीच्या टॉवरकडच्या खिडकीत ठेवला, पत्र्यापासनं लांब, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, ते मी स्वतः दुकानात जाऊन घेतलं, आता क्लासपुरतं बरं चालतंय. '५जी'वालं ते नाव पोरीनं बदलून टाकलंय. आता शेजाऱ्यांच्या यादीत आमचं वाय-फाय 'अंगठाछाप' म्हणून दिसतंय.