एर्बिलहून सुलेमानिया-हलाब्जा ट्रिप : अम्ना सुरका म्युझियम बघायला जाणार असाल तर आधी हे वाचा

अम्ना सुरका - ५ पैकी ५. हलाब्जाचं स्मारक - ५ पैकी ५. गाडी बुक करून देणारी एजन्सी - २, आणि ड्रायव्हरला मात्र जितके देता येतील तितके.

एर्बिलला, म्हणजे इराकमधल्या स्वायत्त कुर्दिस्तानच्या राजधानीत, कामाला येऊन मला पावणेदोन वर्षं झाली, हॉस्पिटलमधल्या मशीनचं मेंटेनन्स बघतो. आपल्याकडची बरीच मंडळी इथे हॉटेलात, हॉस्पिटलात, साइटवर कामाला आहेत, पण सुट्टी मिळाली की सगळे जुना किल्ला नाहीतर मॉल करून परत रूमवर. म्हणून हे लिहितोय. ज्या कुर्द लोकांमधे आपण राहतो, कमावतो, त्यांच्यावर काय गुजरलंय ते एकदा तरी बघायला जा.

आधी गाडीचं सांगतो. एजन्सीचं नाव देत नाही, पण फोनवर एक रेट ठरला आणि सकाळी गाडी दारात आल्यावर २५ हजार दिनार जास्त मागितले, रस्ता लांबचा आहे म्हणून. झालं काय की सुलेमानियाला दोन रस्ते आहेत, एक किरकुकवरून आणि एक कोया आणि दुकान या गावांवरून डोंगरातून. किरकुक बगदादच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि माझं रेसिडेन्सी कार्ड फक्त कुर्दिस्तान रीजनचं, त्यामुळे मला डोंगराचाच रस्ता घ्यावा लागणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा बुक करताना कोणता रस्ता, टोटल किती, हे मेसेजवर लिहून घ्या.

ड्रायव्हर मात्र सोन्यासारखा माणूस मिळाला. पन्नाशीचा, गर्मियान भागातला. इथे अनोळखी माणसालाही 'काका' म्हणतात आणि त्याचा अर्थ भाऊ, तर दोन दिवस तो मला काका म्हणत होता आणि मी त्याला. किरकुकचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, २००५ च्या राज्यघटनेत कलम १४० आहे, किरकुक कुणाकडे राहणार याचं मतदान २००७ संपायच्या आत घ्यायचं असं लिहिलंय, ते आजपर्यंत झालेलं नाही. २५ सप्टेंबर २०१७ ला कुर्दिस्तानच्या स्वातंत्र्याच्या रेफरेंडममधे त्याने घरच्या सगळ्यांना घेऊन मतदान केलं होतं, जवळजवळ ९३ टक्के लोक 'हो' म्हणाले. आणि तीन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, इराकी फौजांनी किरकुक परत घेतलं, इंटरनॅशनल विमानं तर रेफरेंडमनंतर लगेच बंद झाली ती पुढच्या मार्चपर्यंत. त्याची बायको सरकारी शाळेत शिक्षिका आहे, बगदाद-एर्बिलच्या पैशाच्या भांडणात तिचा पगार कितीदा लटकला ते तो बोटांवर मोजून सांगत होता.

रस्त्यात एक गोष्ट नक्की बघा. एर्बिलकडून निघताना सगळीकडे केडीपी पक्षाच्या बारझानींचे फोटो आणि पिवळे झेंडे, आणि एका चेकपोस्टनंतर अचानक हिरवे झेंडे आणि माम जलाल, म्हणजे पीयूके पक्षाचे जलाल तालबानी. माम म्हणजे आपल्याकडचा काका. दोन पक्षांचे दोन इलाखे, पेशमर्गाच्या, म्हणजे कुर्दी फौजेच्या, मोठ्या तुकड्यासुद्धा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पक्षांच्या. नव्वदच्या दशकात, १९९४ पासून १९९८ पर्यंत, हे आपसातच लढले. हे मी त्याला विचारलं तेव्हा त्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला की सद्दामने मारलं ते सांगताना मान ताठ असते, हे सांगताना खाली जाते. मला वाटतं कुर्दांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे सुद्धा बोललं पाहिजे.

आता सुलेमानियातलं म्युझियम. अम्न म्हणजे सुरक्षा, आपल्या ओळखीच्या 'अमन' शब्दाच्या घरातलाच शब्द, आणि सुरका म्हणजे लाल. लाल सुरक्षा. सद्दामच्या सिक्युरिटी खात्याचं इथलं हेडक्वार्टर, म्हणजे खरं तर तुरुंग आणि छळाची जागा, १९९१ च्या मार्चमधल्या उठावात पेशमर्गा आणि शहरातल्या लोकांनी ते लढून घेतलं. भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून तशीच ठेवलीत, मुद्दाम बुजवलेली नाहीत. अंगणात पकडलेले रणगाडे आणि तोफा उभ्या आहेत, शाळेची पोरं त्यांच्यासमोर फोटो काढत होती.

आत गेलं की पहिला हॉल आरशांचा. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूच्या भिंतींना आरशाचे तुकडे, एकूण १,८२,००० तुकडे, आणि वर छतात साडेचार हजार छोटे दिवे. एकेक तुकडा म्हणजे अनफालमधे, सद्दामच्या कुर्दांविरुद्धच्या मोहिमेत, गेलेलं एक माणूस, एकेक दिवा म्हणजे जमीनदोस्त केलेलं एक गाव. १,८२,००० हा आकडा कुर्दांचा आहे, ह्युमन राइट्स वॉचने कमीत कमी ५० हजार आणि एक लाखापर्यंत असं म्हटलंय, पण त्या बोळात उभं राहिल्यावर आकड्यावरून वाद घालावासा वाटत नाही. तुकड्या तुकड्यात आपलाच चेहरा दिसत राहतो. अनफाल म्हणजे १९८८ मधे फेब्रुवारी ते सप्टेंबर आठ टप्प्यांत चाललेली मोहीम, गावं उठवायची, पुरुष वेगळे, बायका-मुलं वेगळी, ट्रकमधे घालून दक्षिणेच्या वाळवंटात न्यायचं.

माझा ड्रायव्हर या हॉलमधे आला नाही. तो दाराशी थांबला. गर्मियानमधे अनफाल सगळ्यात वाईट झालं, त्याची आत्या आणि तिची चार मुलं ट्रकमधे चढली ती चढलीच. २०२४ च्या डिसेंबरमधे मुथन्ना प्रांताच्या वाळवंटात एक सामूहिक कबर उघडली, त्यात जवळपास शंभर बायका आणि मुलं निघाली, ती बातमी आल्यापासून त्याच्या वडिलांनी फोन कायम हाताशी ठेवलाय, कुणीतरी नाव सांगेल म्हणून.

पुढे कोठड्या आहेत. कैद्यांचे पुतळे ठेवलेत, एक जण हात मागे बांधून लटकवलेला. भिंतीवर नखांनी, खिळ्यांनी कोरलेली नावं आणि दिवस मोजायच्या रेघा आहेत. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर अंगण, आरशांचा हॉल आणि त्याला लागून असलेलं जुन्या कुर्दी घराचं दालन एवढंच दाखवा, तिथे चूल-अंथरूण-भांडी सगळं मांडलंय. कोठड्यांकडे बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना मी नेणार नाही. शेवटी आयसिसशी लढताना गेलेल्यांच्या फोटोंचं दालन आहे, त्यातले बरेचसे चेहरे माझ्याहून लहान.

इथे मला एक गोष्ट कळली जी पेपर वाचून कधी कळली नव्हती. चेकपोस्टवर जे पोलीस कार्ड बघतात त्यांना 'आसायिश' म्हणतात, त्याचाही अर्थ सुरक्षाच. एर्बिलमधे मला त्यांचा कंटाळा यायचा, किती वेळा कार्ड दाखवायचं. पण ज्या शहरात सुरक्षा नावाच्या बिल्डिंगमधे माणसं नाहीशी होत होती, तिथल्या लोकांना आपल्या भाषेत बोलणारा, आपल्यातला पोलीस हवा असणं म्हणजे काय ते त्या कोठडीत उभं राहून समजतं. स्वायत्तता हा शब्द आपण फार लांबून वाचतो.

बाहेर पडल्यावर बाजारातल्या जुन्या चायखान्यात गेलो, भिंतभर कवींचे आणि शहिदांचे फोटो, काळा गोड चहा छोट्या काचेत, त्याला पियाला म्हणतात. शेजारी तुर्कस्तानातून आलेला एक कुर्द म्हातारा बसला होता. ड्रायव्हरने भाषांतर केलं, कारण या दोघांची कुर्दीसुद्धा वेगळी, एकाची सोरानी, एकाची कुरमांजी. त्याच्या नातवाच्या नावात डब्ल्यू आहे, आणि तुर्की लिपीत नसलेली क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं सरकारी कागदावर २०१३ पर्यंत चालत नव्हती. सीरियात तर १९६२ च्या एका शिरगणतीत १,२०,००० च्या आसपास कुर्दांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. २०२५ च्या जुलैमधे पीकेकेच्या, म्हणजे तुर्कस्तानशी लढणाऱ्या कुर्द संघटनेच्या, लोकांनी बंदुका जाळल्या ती जागा इथून जवळच, दुकान गावाच्या बाजूला. मी विचारलं आता शांतता होईल का, तर म्हातारा म्हणाला, बंदूक आम्ही जाळली, आता कायदा त्यांनी लिहावा.

दुसऱ्या दिवशी हलाब्जा, तासा-दीड तासाचा रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि समोर इराणचे डोंगर. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी इथे विषारी वायूचे बॉम्ब टाकले, पाच हजारांपर्यंत माणसं गेली. स्मारकाच्या गोल हॉलमधे भिंतीवर नावं आहेत, कुटुंबच्या कुटुंबं, एकाखाली एक. वायूला सफरचंदासारखा वास होता असं त्यातून बचावलेली माणसं सांगतात. २००६ मधे याच स्मारकाला गावातल्या लोकांनी आग लावली होती, कारण पुढारी दरवर्षी येऊन भाषणं करायचे आणि गावाला रस्ते-पाणी नाही. २०२५ मधे बगदादच्या संसदेने हलाब्जाला वेगळा प्रांत म्हणून मान्यता दिली, देशातला १९ वा. कबरस्तानही बघा, तिथे बाथ पक्षाच्या, म्हणजे सद्दामच्या पक्षाच्या, लोकांना प्रवेश नाही अशी पाटी आहे.

काही कामाच्या गोष्टी : शुक्रवारी जाऊ नका, बरंच बंद असतं. ओरिजिनल कार्ड जवळ ठेवा, फोटो चालत नाही. कॅश दिनारमधे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका, अम्ना सुरकाला निदान तीन तास द्या आणि शक्यतो इथल्याच माणसाला बरोबर न्या. एजन्सीने जास्तीचे घेतलेले २५ हजार ड्रायव्हरला मिळाले का विचारलं, तर नाही. मी वेगळे दिले तर तो घेईना, छातीवर हात ठेवून मान हलवत होता. शेवटी त्याच्या वडिलांसाठी पाव किलो आपली वेलची दिली, ती घेतली.