सुपरचार्ज्ड एसयूव्हीचं कूलंट तापमान ओबीडी रीडरवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेली व्ही८ पेट्रोल एसयूव्ही, ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि फोनवर लाइव्ह डेटा दाखवणारं ॲप, एवढ्या सामग्रीवर काही महिने कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान पाहिल्यानंतरचा हा अनुभव. थंडी, कडक ऊन, लांब चढ, रांगेतला ट्रॅफिक, सगळं यात आलं. रीडर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. पण सुटा आकडा पाहून काही कळत नाही. वेग आणि लोड (इंजिनावरचा भार) बदलला की आकडा कुठे सरकतो, ते पाहायचं.

डॅशबोर्डच्या काट्यावर तर अजिबात विसंबू नका. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याची हालचाल सॉफ्टवेअरने बांधून ठेवलेली असते. साधारण ७५ ते ११० अंश सेल्सिअसमध्ये काहीही असलं तरी काटा मध्यावर ठाम. तो वर सरकायला लागतो तेव्हा हातात मिनिटंच उरलेली असतात. ओबीडीचा कूलंटचा आकडा, म्हणजे पीआयडी ०५ (ओबीडीतला त्या आकड्याचा क्रमांक), पूर्ण अंशांत येतो आणि तिथे अशी लपवाछपवी नसते.

आता नेहमीचं तापमान म्हणजे किती? थर्मोस्टॅट म्हणजे आतलं मेण तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. तो ८८ ते ९० अंशांचा साधा मेणाचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात ८८ ते ९६. ट्रॅफिकमध्ये एसी चालू असताना ९६ ते १०४, आणि पंखा लागला-सुटला की त्यात खालीवर. भरलेली गाडी घेऊन लांब चढावर १०५-१०८ दिसलं आणि चढ संपल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली आलं, तरी काळजीचं कारण नाही. ११० च्या वर टिकून राहिलं तर एसी बंद करा, वेग कमी करा. ११५ ओलांडलं की बाजूला घ्या. १०० दिसलं की पाणी उकळलं असं समजून अनेकजण घाबरतात. पण निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि १ बार दाब धरणाऱ्या कूलंट टाकीच्या झाकणाखाली साधारण १२९ ला. म्हणूनच झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेच १०८ धोक्याचे ठरतात. दाब धरला जात नाही आणि कूलंट टाकीतून बाहेर फेकलं जातं. झाकण हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग, आणि बदलायचा सर्वांत जास्त विसर पडतो तो त्याचाच.

थर्मोस्टॅटची तब्येत कळते ती सकाळच्या पहिल्या स्टार्टला. ॲपमध्ये आलेख लावून ठेवा. आकडा एका चालीने चढत ९० च्या आसपास येतो, दोन-चार अंश पुढे जातो, रेडिएटरमधलं थंड पाणी आत शिरताच थोडा खाली बसतो आणि मग स्थिरावतो. तो छोटा खड्डा दिसला म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडला. त्याच वेळी रेडिएटरकडे जाणारा वरचा होज हाताला एकदम गरम लागतो, तोवर तो कोमटच असतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर होज सुरुवातीपासून हळूहळू तापत जातो, आकडा ६५-७० ला रेंगाळतो, उभ्या गाडीत ८५ पर्यंत जातो आणि महामार्गावर वेग घेतला की पुन्हा ७० वर घसरतो. वेग वाढला आणि तापमान उतरलं, ही त्याची पक्की खूण. बिघाडाचा कोड येतो पी ०१२८. गाडी तर थंडच आहे म्हणून लोक ते चालवून नेतात. पण ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजिन गार समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते ऑइलमध्ये उतरतं, मायलेज पडतं आणि हीटर नीट चालत नाही.

इलेक्ट्रिक हीटर असलेला थर्मोस्टॅट असेल तर हिशेब वेगळा. यात ईसीयू हलक्या लोडला इंजिन मुद्दाम १०० ते १०५ वर ठेवतो, आणि पाय दाबला की मेण विजेने तापवून व्हॉल्व्ह लवकर उघडतो. मग ऐन जोर लावताना आकडा ९० च्या खालीही येतो. पहिल्यांदा पाहताना हे उलटंच वाटतं, पण थर्मोस्टॅट ठणठणीत आहे. नवा मागवण्याआधी आपल्या इंजिनात कोणता आहे ते पाहा. त्याच्या बॉडीला दोन पिनांचा कनेक्टर असेल तर हाच.

सुपरचार्जरमुळे फरक पडतो तो दोन जागी. दाबलेली हवा तापते, ती गार करायला अनेक इंजिनांत कमी तापमानाचं वेगळं सर्किट असतं, त्याला स्वतःचा छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप. हा पंप बंद पडला तर इंजिनचं कूलंट ९२ वर निवांत असतं, पण दोन-तीनदा जोरात पळवल्यावर गाडी मंदावते, कारण गरम हवेमुळे इंजिनात ठोका बसू नये (पेट्रोल अवेळी पेटू नये) म्हणून ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. या हवेचं तापमान सुपरचार्जरनंतरच्या सेन्सरवर पाहा. एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा आकडा इथे कामाचा नाही, आणि बरीच ॲप आपोआप तोच दाखवतात. दुसरी जागा म्हणजे रेडिएटरची थप्पी. एसीचा कंडेन्सर, हा छोटा रेडिएटर आणि मुख्य रेडिएटर एकामागे एक असतात आणि त्यांच्या फटींत धूळ, किडे, पालापाचोळा घट्ट बसतो. समोरून चकाचक दिसतं. मागून टॉर्च धरा, उजेड आरपार येत नसेल तर थप्पी सोडवून कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

गाडी तापत असेल तर कधी तापते, हे आधी पाहा. फक्त उभी असताना किंवा रांगेत तापते आणि वेग घेतला की उतरते: पंखा, त्याचा रिले, मॉड्यूल किंवा थप्पीतला कचरा. फक्त वेगात आणि चढावर तापते: कूलंट पुरेसं फिरत नाही, म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप, किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. गार इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्या आणि कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस येतोय का ते निळ्या द्रवाच्या टेस्टने पाहा. द्रव पिवळा झाला तर येतोय.

तापणारी गाडी थर्मोस्टॅटच काढून चालवण्याचा उपाय मला अजिबात मान्य नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतं.

बदलताना नवा थर्मोस्टॅट गरम पाण्यात दोऱ्याने टांगून तपासा. भांड्याच्या तळाला लागू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. कोरलेल्या तापमानाच्या दोन-तीन अंश आत-बाहेर उघडायला सुरुवात झाली पाहिजे. १०५ चा असेल तर साध्या पाण्यात ही तपासणी होत नाही, कारण पाणी १०० लाच उकळतं. जिगल व्हॉल्व्ह (हवा निघून जायला ठेवलेली छोटी हलती पिन) असेल तर तो वरच्या बाजूला. ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) नवी घ्या, आणि प्लास्टिकच्या हाउसिंगचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा. सुपरचार्जरखालून जाणारे प्लास्टिकचे पाइप उष्णतेने ठिसूळ होतात. वरचं उघडलंच आहे तर त्यांचे जोड पाहून घ्या. कंपनीने सांगितलेल्या जातीचंच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात. हवा काढायला व्हॅक्यूम फिलर मिळाला तर उत्तम. नाहीतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरत राहा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा पाहा. ती थोडी उतरलेली असतेच. हवा राहिली असेल तर आकडा ९२ वरून काही सेकंदांत १०८ आणि लगेच परत ९० असा उड्या मारतो.

रीडर कुठे फसतो तेही लक्षात ठेवा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच आकडा खरा. पाइप फुटून कूलंट गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत राहतो, स्क्रीनवर तापमान उतरताना दिसतं आणि हेड मात्र भाजत असतं. चालत्या गाडीत हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली आणि आकडाही पडला, तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली आहे, त्याचा कोड पी ०११८. इंजिन बंद केल्यावर आकडा पाच-आठ अंश वर जातो आणि पंखा फिरत राहतो, तो बिघाड नव्हे.

रीडरबद्दल तक्रार एकच: ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर कायम वीज असते. रीडर लावून ठेवला तर तो बॅटरी पीत राहतो आणि काही गाड्यांची मॉड्यूल (आतले छोटे संगणक) झोपतच नाहीत. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा. ॲपमध्ये सेकंदाला एक वाचन पुरे, आणि १०८ ला आवाजाचा इशारा लावा, म्हणजे नजर रस्त्यावर राहते.