सीलबंद रेकॉर्डच्या नावाखाली मला ३८ हजारांना फसवलं

रविवारी सकाळी जुन्या बाजारात रेकॉर्ड चाळत होतो. शेजारी एक पस्तिशीतला माणूस येऊन उभा राहिला. "सर, बोवी ऐकता का?" पुण्यात असं विचारणारे फार भेटत नाहीत, त्यामुळे मी खुलून बोलत गेलो. तिथेच त्याला माझी नस सापडली.

त्याच्याकडे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा १९७४ चा 'डायमंड डॉग्ज' अल्बम होता. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीवर संगीतिका करायला परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यासाठीची काही गाणी बोवीने या अल्बममध्ये घेतली. माझा अतिशय लाडका अल्बम. चित्रकार गी पेलार्ट यांनी कव्हरवर बोवीला अर्धा माणूस, अर्धा कुत्रा असं रंगवलंय. मागच्या बाजूला कुत्र्याचं लिंग दिसत होतं, ते आरसीए या रेकॉर्ड कंपनीने विक्रीआधी रंगवून झाकलं. न झाकलेली मोजकीच कव्हरं बाहेर पडली आणि ती प्रचंड महाग विकली जातात. याने दाखवलेलं कव्हर न झाकलेलं होतं, वर प्लास्टिकचं सील. "काका न्यू जर्सीला होते, त्यांनी तेव्हाच घेतलेली. सील मात्र फोडू नका सर, किंमत निम्मी होईल."

मैफलींच्या चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या अनधिकृत रेकॉर्डही मी घेतो, पण तशा आहेत हे माहीत असतं आणि विकणाराही ते सांगूनच विकतो. अनधिकृत माल अस्सल म्हणून गळ्यात मारणं ही सरळ लबाडी आहे. मी ३८ हजार रुपये यूपीआयने दिले.

घरी खिडकीपाशी उजेडात धरलं तेव्हा पोटात गोळा आला. भिंगातून पाहिलं, तर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या, एखाद्या छापील चित्राचा पुन्हा फोटो काढून छापावं तशा. प्लास्टिक इतकं नवं आणि कडक, की पन्नास वर्षांचं असूच शकत नव्हतं. शेवटी सील फोडलं. आत जाडजूड, जड तबकडी. त्या काळात आरसीए अमेरिकेत डायनाफ्लेक्स नावाने पातळ, हाताने वाकणाऱ्या रेकॉर्ड काढायची. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कंपनीचा क्रमांक कोरलेला हवा, तिथे हाताने ओरखडलेली दोन अक्षरं होती. सील का फोडायचं नव्हतं, ते तेव्हा कळलं. ही पट्टी सीलबंद रेकॉर्डवर पाहताच येत नाही. पैसे देण्याआधी ती पाहू देत नसेल, तर घेऊ नका, समोरचा कितीही गोड बोलो.

त्याचा फोन तेव्हापासून बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

परवा कोथरूडच्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, 'ही घेऊ का?' तेच कव्हर, सीलबंद, सोबत न्यू जर्सीचे तेच काका. माझ्याकडची तर मी फोडली आहे, म्हणजे ही दुसरी.